प्रभारी साहेब कायम होतील काय?



गट ऑफिसला ऊसनोंदीचा कागद घेऊन जा, वजनकाट्यापाशी उभे राहा, नाहीतर कँटीनमध्ये चहाला बसा. सध्या एकच विचारणा कानावर येते. “काय हो, प्रभारी साहेब कायम होणार का?” कोणी म्हणतो, होणार म्हणजे होणार, कागद तयार आहे. कोणी म्हणतो, त्यांचा जीव इथं रमत नाही, मुलं पुण्याला शिकायला आहेत. तिसरा सांगतो, घोडं पगारावर अडलंय. चौथ्याला यातले काहीच ठाऊक नसते. तो नुसती मान हलवून “बघा, काहीतरी शिजतंय” एवढेच म्हणतो, आणि सर्वांत जास्त आतली बातमी त्यालाच आहे असे बाकीच्यांना वाटते.

या अफवांचा निवाडा करायला हे पान नाही. कार्यकारी संचालकाची नेमणूक ही संचालक मंडळाच्या अखत्यारीतली बाब, आणि जागा स्वीकारायची की नाही हे ठरवणे त्या गृहस्थांच्या हातचे. तथापि हा प्रश्न सभासदाच्या इतका जिव्हाळ्याचा का, आणि दुसरीकडे असाच प्रसंग आला तेव्हा काय घडले, हे आपण जाणून घेतले पाहिजे. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

‘प्रभारी’ म्हणजे भार घेतलेला. आपल्याकडच्या कारखान्यांत कार्यकारी संचालकांची जागा रिकामी झाली की बहुधा शेतकी अधिकारी, चीफ केमिस्ट, चीफ इंजिनिअर किंवा सचिव यांपैकी कोणाकडे तरी हा भार दिला जातो. दोन महिने म्हणता म्हणता दोन हंगाम जातात. दारावरची पाटी बदलत नाही आणि कंसातला ‘प्रभारी’ हा शब्दही जात नाही. शब्द लहान आहे, पण त्याचे वजन कारखान्याच्या प्रत्येक कागदावर पडते.

कसे ते पाहा. हंगाम संपला की मिलचे रोलर उतरवायचे, बॉयलरच्या नळ्या तपासायच्या, कोणते काम यंदा करायचे आणि कोणते पुढे ढकलायचे ते ठरवायचे. पावसाळ्यात तोडणी-वाहतुकीचे करार करायचे, मुकादमांना उचल द्यायची. साखरेवर मालतारण कर्ज उचलण्यासाठी बँकेच्या दारात बसायचे. कायम माणूस हे निर्णय स्वतःच्या अंगावर घेतो. प्रभारी माणूस कितीही लायक असला तरी त्याच्या मनात येते, की आज मी सही करीन, उद्या येणारा विचारील, हे कोणी सांगितले होते? मग फाईल मंडळापुढे ठेवा, मंडळ म्हणते उपसमितीपुढे ठेवा, आणि तोवर दिवाळी दाराशी येते.

यात सभासदाचे काय जाते? रोख पैसा जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, म्हणजे टनाला ३,५५०. त्यापुढे उतारा दशांश एकने वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे जास्त. टनाला धरले तर ३४ रुपये ६० पैसे. आता उतारा वाढतो कशाने? पक्व ऊस आधी तोडल्याने, तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडल्याने आणि मिल मध्येच बंद न पडल्याने. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेप्रमाणेच चालवायचा, कोणाच्या पाहुण्याचा ऊस मध्ये घुसू द्यायचा नाही, हे सांगायला पाठीत कणा लागतो. प्रभारी माणसाला तो नसतो असे नाही. पण आपली खुर्ची किती दिवसांची हेच ज्याला माहीत नाही, त्याने कोणाकोणाशी वाकडे घ्यावे? बिलाचेही तसेच. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज लागू होते. ती तारीख सांभाळणारा माणूस कोण, हे शेतकऱ्याला कळलेच पाहिजे.

आता थोडे बाहेर पाहू. पहिले उदाहरण आपल्याच सहकारातले, पण उसाचे नव्हे, दुधाचे.

गुजरातेतील खेडा जिल्ह्याचा दूध संघ १४ डिसेंबर १९४६ रोजी नोंदला गेला. पोल्सन कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध शेतकऱ्यांनी दूध बंद ठेवून लढा दिला, त्यातून तो उभा राहिला. सरदार पटेलांचा आशीर्वाद होता, मोरारजीभाईंची मदत होती आणि गावोगाव पायपीट करणारे त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष होते. १९४८ साली संघाने मुंबईकडे दूध पाठवायला सुरुवात केली. माणसे जमली, दूध जमले. पण यंत्रे जुनाट. आज चालली तर उद्या बंद. दूध नासले तर शेतकरी कोणाच्या तोंडाकडे पाहणार?

त्याच आणंदमध्ये सरकारी क्रीमरी होती. तिथे १३ मे १९४९ रोजी एक सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर रुजू झाला. नाव वर्गीस कुरियन. मूळचे केरळचे, शिक्षण मद्रासेत आणि पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगनला. शिष्यवृत्तीच्या करारामुळे सरकार पाठवील तिथे नोकरी करणे भाग होते, म्हणूनच ते आले. मन अजिबात नव्हते. गाव लहान, भाषा येत नाही, राहायला नीट घर मिळेना म्हणून एका गॅरेजमध्ये बिऱ्हाड केलेले. मला मोकळे करा, असे अर्ज ते वरचेवर सरकारला लिहीत. मोकळ्या वेळात शेजारच्या संघाची बंद पडलेली यंत्रे दुरुस्त करून देत, तेवढाच विरंगुळा.

अशी ठिगळे किती दिवस लावणार? कुरियन यांनीच त्रिभुवनदासांना सल्ला दिला, की हे भंगार सोडा आणि दूध तापवण्याचे नवे यंत्र घ्या. त्रिभुवनदासांनी तो मानला, पैशाची जुळवाजुळव केली आणि यंत्राची मागणी नोंदवली. इकडे १९४९ साल संपता संपता सरकारने कुरियन यांचा अर्ज एकदाचा मंजूर केला. सामान बांधून ते मुंबईला निघायच्या बेतात असताना त्रिभुवनदास भेटीला आले. त्यांचे म्हणणे साधे होते : यंत्र घ्या असे तुम्ही सांगितले, आम्ही घेतले, आता ते बसवून चालू करून देईपर्यंत तरी थांबा. काही महिन्यांचा सवाल. कुरियन थांबले. १९५० मध्ये संघाचा कारभार त्यांच्या हाती आला. आणि ९ सप्टेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर ते आणंदचेच रहिवासी होते.

ही हकीकत बऱ्याच जणांना ठाऊक असेल. परंतु सांगताना आपण नेहमी कुरियन यांच्या त्यागाचे सांगतो आणि त्रिभुवनदासांना विसरतो. काही महिन्यांसाठी थांबलेला माणूस जन्मभर का थांबला? मला वाटते, याचे उत्तर अध्यक्षांच्या वागण्यात आहे. गावे, सभासद, पुढारी आणि राजकारण हे त्रिभुवनदासांनी स्वतःच्या खांद्यावर घेतले. यंत्र, बाजार, नोकरवर्ग आणि हिशेब मॅनेजरवर सोडले. आणि सोडले म्हणजे सोडले. भाच्याला चिकटवा, अमक्याचा टँकर लावा, असल्या चिठ्ठ्या घेऊन ते मॅनेजरच्या टेबलापाशी उभे राहिले नाहीत. गावाचा एवढा मोठा पुढारी पाठीशी आहे आणि कामात हात घालत नाही, असे दोन्ही एकदम किती जणांच्या वाट्याला येते?

दुसरे असे, की काम संपत नव्हते. यंत्र बसले, तर हिवाळ्यात दुधाचा पूर येऊ लागला. म्हशी जास्त दूध देत आणि मुंबई तेवढे घेईना. पावडर करावी, तर म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असे परदेशातले जाणकार सांगत. कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पावडरच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. एक अडचण फोडली की तिच्यामागून दुसरी, पहिलीपेक्षा मोठी. हाडाच्या इंजिनिअरला जखडून ठेवायला याहून पक्की दोरी नाही. १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो त्रिभुवनदास, कुरियन आणि मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी या तिघांना मिळून. पुढे १९६५ साली राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ स्थापन झाले, त्याचेही मुख्य ठाणे दिल्लीत नव्हे, आणंदलाच.

(जाता जाता : श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ चित्रपट १९७६ साली आला, त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. त्यातला बाहेरून आलेला डॉक्टर शेवटी गाव सोडून जातो. खरा माणूस मात्र राहिला होता.)

एवढे सांगितल्यावर हेही सांगायला हवे, की शेवट गोड झाला नाही. मतभेद होऊन २००६ साली कुरियन यांनी गुजरात दूध महासंघाचे अध्यक्षपद सोडले. माणूस थांबावा म्हणून धडपडणाऱ्या संस्थेला पुढे तो किती वर्षे थांबावा हाही प्रश्न पडू शकतो. पण ती पुढची गोष्ट.

आता दुसरे उदाहरण. ते सातासमुद्रापलीकडचे आहे, पण ‘प्रभारी’ या शब्दाला नेमके लागू पडते. आपल्या घरातल्या पोरासोरांना ते नाव पाठ आहे. अर्धे खाल्लेले सफरचंद ज्या फोनवर असते, ती ॲपल कंपनी.

स्टीव्ह जॉब्स यांनी ही कंपनी १९७६ साली मित्रांबरोबर काढली आणि १९८५ साली तिथल्याच भांडणातून त्यांना बाहेर पडावे लागले. पुढे कंपनी घसरणीला लागली. १९९६ च्या डिसेंबरात तिने जॉब्स यांची दुसरी कंपनीच विकत घ्यायचे ठरवले, त्यामुळे ते सल्लागार म्हणून परत आले. जुलै १९९७ मध्ये तेव्हाच्या मुख्य अधिकाऱ्यांना जावे लागले आणि सप्टेंबरात जॉब्स यांनी प्रभारी मुख्य अधिकारी म्हणून कारभार हाती घेतला. त्या आर्थिक वर्षाचा तोटा होता एक अब्ज डॉलरहून अधिक. कायम जागा घ्या म्हणून संचालक मंडळ मागे लागले होते, पण ते हो म्हणेनात. पिक्सार ही त्यांची चित्रपटांची कंपनी चांगली चालली होती, तिथली जबाबदारीही होती. शिवाय बुडत्या घराला आपले नाव कायमचे कशाला बांधा, असाही हिशेब असणार. पगार घेतला वर्षाला एक डॉलर. त्या वेळच्या भावाने चाळीसेक रुपये!

पण बंधूंनो, पुढचे लक्षात घ्या. पाटी प्रभारीची असली तरी हातात अधिकार पुरे होते. त्यांनी पहिली अट घातली ती जुन्या संचालकांच्या राजीनाम्याची, आणि दोघे सोडून बाकी सारे पायउतार झाले. (आपल्याकडे कोणा प्रभारी साहेबांनी अशी अट घातली तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.) ढीगभर जातींचे संगणक बनत होते ते छाटून चार प्रकारांवर आणले. कडवा विरोधक समजल्या जाणाऱ्या मायक्रोसॉफ्टकडून १५ कोटी डॉलरची गुंतवणूक तर त्यांनी प्रभारी होण्याच्याही आधी, ऑगस्टमध्येच पदरात पाडून घेतली होती. नोकरकपातही झाली, ते काही गोड प्रकरण नव्हते. १९९८ च्या वर्षअखेरीस ३० कोटी ९० लाख डॉलर नफा दिसला.

तरीही ‘प्रभारी’ हा शब्द राहिलाच. तो गेला जानेवारी २००० मध्ये, सान फ्रान्सिस्कोच्या मेळाव्यात, जॉब्स यांनी स्वतःच जाहीर केले तेव्हा. म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे. मंडळाने त्यांना भरघोस शेअरचे हक्क आणि स्वतंत्र विमान देऊ केले, ही गोष्ट खरी. पण विमानासाठी थांबले असे म्हणणे मला पटत नाही. विमान नंतर आले. अधिकार पहिल्या दिवशी मिळाले होते. पुढे ऑगस्ट २०११ पर्यंत, आजाराने हात टेकेपर्यंत, ते त्या जागेवर होते.

प्रभारी माणूस कायम झालाच पाहिजे असेही नाही. बंगळुरूच्या इन्फोसिसमध्ये ऑगस्ट २०१७ मध्ये मुख्य अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा यू. बी. प्रवीण राव यांच्याकडे तात्पुरता भार आला. जानेवारी २०१८ मध्ये सलील पारेख कायम म्हणून आले. प्रवीण राव आपल्या पूर्वीच्या कामावर परत गेले आणि २०२१ च्या अखेरीस निवृत्त होईपर्यंत मानाने राहिले. कोणी त्यांना ‘उतरवले’ म्हणाले नाही. पाच महिन्यांत प्रश्न मिटला, कारण मंडळाने शोध थांबवला नव्हता.

आपल्याकडे गाडे अडते ते इथेच. शेतकी अधिकारी प्रभारी झाला आणि पुन्हा शेतकी अधिकारी झाला की गावात चर्चा, “काहीतरी केलं असणार, म्हणून खाली आणलं.” ही भीती असल्यामुळे प्रभारी माणूस नाही म्हणायला कचरतो. आणि हो म्हणायला कचरतो त्याची कारणे आणखी वेगळी आहेत, ती सभासदाने समजून घेतली पाहिजेत. कार्यकारी संचालकाची सही ही कागदावर मरत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० मधील कलम ८३ ची चौकशी लागली आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित झाली, तर ती अधिकाऱ्याच्या अंगावर येऊ शकते, तोही निवृत्त होऊन घरी बसल्यावर. मागच्यांनी उचललेले कर्ज, मागच्यांनी केलेली खरेदी, त्यांची उत्तरे आज खुर्चीवर असेल त्याने द्यायची. मंडळाची निवडणूक झाली, पॅनेल बदलले, की पहिली कुऱ्हाड कोणावर? आणि कायम नेमणुकीसाठी साखर आयुक्तालयाच्या नामतालिकेचा आणि पात्रतेचा प्रश्न असतो तो वेगळाच. अशा वेळी संसारी माणूस चार दिवस विचार करतो, याला नखरे म्हणू नयेत.

म्हणून “साहेब हो म्हणाले का?” एवढेच विचारून भागत नाही. साहेबांना काय देऊ केले आहे, हेही विचारायला हवे. पगाराचा आकडा सांगावा असे नव्हे. खरेदीची किती रकमेपर्यंतची सही त्यांची? तोडणी कार्यक्रमात संचालकाला बदल करता येतो की नाही? नोकरभरती कोणाच्या हातात? मागच्या कर्जाचा आणि देण्याघेण्याचा हिशेब लेखापरीक्षकाकडून काढून, रेघ ओढून, त्यांच्या हाती दिला आहे काय, म्हणजे रेघेच्या वरचे त्यांचे नाही एवढे तरी स्पष्ट होईल? आणि त्यांनी नाही म्हटले तर मूळ जागेवर सन्मानाने जाण्याचा ठराव आहे काय? यांची उत्तरे मिळाली तर त्यांच्या उत्तराचा अंदाज कोणालाही बांधता येईल, त्याला आतली बातमी लागत नाही. आणि हे सारे होईपर्यंत नुसती मुदतवाढ देत राहणे हा मार्ग सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत महाग.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. नेमणुकीचा विषय विषयपत्रिकेवर नसला तरी ज्यांना यासंबंधी विचारायचे आहे त्यांनी प्रश्न लेखी काढून सभेच्या आधी कारखान्याच्या कार्यालयात द्यावेत, म्हणजे उत्तराची तयारी नव्हती असे सांगायला जागा उरणार नाही. कँटीनमध्ये बोलणारे पुष्कळ असतात, सभेत उठून विचारणारे मोजके.

यात घाई का, तर आडसाली लागणीमुळे. जुलै-ऑगस्टात लावलेला हा ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो आणि समोरच्या नव्हे, त्याच्या पुढच्या हंगामात गव्हाणीत पडतो. गट ऑफिसात नोंद करताना शेतकरी बेणे, खत, पाणी आणि सोसायटीचे कर्ज एवढे सगळे अंगावर घेतो, आणि आपल्या उसाची तोड कोणाच्या सहीने निघणार हे त्याला त्या दिवशी सांगता येत नाही.